घास, धाक आणि घरची भाषा

संगोपनाविषयी आलेल्या पत्रांपैकी या वेळी तीन पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी नाशिकची, वय ६४, निवृत्त शिक्षिका. मुलगा आणि सून नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हन येथे नोकरी करतात. गेले दोन महिने मी त्यांच्याकडे आहे आणि महिन्याभरात परत जाईन. नातू साडेतीन वर्षांचा आहे. येथे उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो, तरी त्याला सात वाजता जाड पडदे ओढून वेगळ्या खोलीत झोपवतात. जेवताना कोणी भरवायचे नाही, असा नियम आहे. परवा मी वरणभात कालवून घास पुढे केला, त्याने तोंडही उघडले, तेवढ्यात सून म्हणाली, “आई, प्लीज, त्याचं त्याला खाऊ द्या.” माझा हात तसाच राहिला. मग त्याने निम्मा भात टेबलावर सांडला, उरलेला तसाच टाकून तो उठला, आणि त्याला कोणी थांबवले नाही. मुलाजवळ विषय काढला, तर तो म्हणाला की भरवण्यावरून नॉर्वेमध्ये एका भारतीय जोडप्याची मुले सरकारने नेली होती. मी दोन मुले वाढवली, शेकडो मुलांना शिकवले. आमची माया करण्याची रीत आता चुकीची ठरली आहे का?

उत्तर : आजी, तुमचे पत्र वाचताना त्या तसाच राहिलेल्या हातापाशी मी बराच वेळ अडखळले. त्याविषयी बोलण्याआधी एक भीती दूर करते. नॉर्वेतील स्टाव्हांगर येथे २०११ मध्ये एका भारतीय जोडप्याची दोन मुले तेथील बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली होती, हे खरे आहे. हाताने भरवणे आणि मुलाला जवळ घेऊन झोपणे यांवर यंत्रणेने बोट ठेवले, असे कुटुंबाचे म्हणणे होते. प्रश्न केवळ चालीरीतींतील फरकाचा नाही, असे नॉर्वेकडून सांगितले गेले. एप्रिल २०१२ मध्ये मुलांना काकांच्या स्वाधीन करण्यात आले आणि ती भारतात परतली. या प्रकरणाने परदेशातील भारतीय आईवडिलांच्या मनात धसका बसला, तो अजून गेलेला नाही. पण आजीने नातवाला घास भरवणे हा नेदरलँड्समध्ये गुन्हा नाही, आणि तुमच्या मुलालाही हे ठाऊक असावे. परक्या मुलखात मुले वाढवताना ‘आपले काही चुकत तर नाही ना’ ही धाकधूक सतत असते, आणि घरचे मोठे माणूस आले की ती जास्तच वर येते.

सात वाजताच्या झोपेला सुनेचा हट्ट समजू नका, ती त्या मुलखाची रीत आहे. डच घरांत बाळ वाढवण्याची तीन सूत्रे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जातात : शांतता, नियमितपणा आणि स्वच्छता. त्यांच्या भाषेत हे तिन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून ते म्हणीसारखे तोंडी बसले आहेत. चार्ल्स सुपर आणि सारा हार्कनेस या अमेरिकी संशोधक दांपत्याने १९९०च्या दशकात डच आणि अमेरिकी बाळांची तुलना केली, तेव्हा सहा महिन्यांची डच बाळे दिवसाकाठी सरासरी सुमारे दोन तास अधिक झोपतात, असे त्यांना आढळले. अमेरिकी आया बाळाशी सतत बोलत, त्याला गुंतवून ठेवत. डच आया बाळाला फार उत्तेजित होऊ देत नसत. याच दांपत्याने त्याआधी केनियातील किपसिगिस लोकांमध्ये राहून अभ्यास केला होता. तेथे बाळ आईच्या अंगाशी झोपत असे, रात्री हवे तेव्हा उठत असे, हवे तेव्हा पीत असे, आणि त्याच्या जागण्याला कोणी अडचण मानत नसे, कारण सकाळी घड्याळ गाठायचे नव्हते आणि दिवसा बाळाला कडेवर घ्यायला मोठी भावंडे होती. जपानमध्ये आईवडिलांच्या मध्ये झोपलेल्या मुलाला त्यांच्या लिपीतील ‘नदी’ या चिन्हाची उपमा देतात, कारण ते चिन्ह म्हणजे तीन उभ्या रेषा असून त्यांतली मधली आखूड असते. ग्वाटेमालातील ‘माया’ नावाच्या मूलनिवासी समाजातल्या स्त्रियांना अमेरिकी बाळे वेगळ्या खोलीत एकटी झोपतात असे कळले, तेव्हा त्यांना त्या बाळांची कीव आली होती. म्हणजे तुम्हाला जे वाटले, ते जगात पुष्कळ आयांना वाटते. तरीही मूल कोठे झोपते यावरून त्या घरातली माया मोजता येत नाही. घरात माणसे किती, खोल्या किती आणि सकाळी कितीला बाहेर पडायचे, यांवरून झोपेची रीत ठरत जाते, आणि पुढे त्या रीतीलाच आपण संस्कार म्हणू लागतो.

स्वतः जेवण्याच्या नियमामागे तर अगदी जवळचे कारण आहे. सहा महिन्यांनी तुमचा नातू चार वर्षांचा होईल. त्या देशात शिक्षणाची सक्ती पाचव्या वर्षापासून असली, तरी बहुतेक मुले चौथा वाढदिवस झाला की लगेच प्राथमिक शाळेत जाऊ लागतात. आपल्या बालवाडीत असते तशी डब्याचे झाकण उघडून देणारी मावशी तेथे नसते. डबा, पाण्याची बाटली, पावसाळी कोटाची चेन, शौचाला जाऊन येणे, हे ज्याचे त्याने निभवायचे असते. सुनेच्या डोळ्यांसमोर ती शाळा आहे; तुमच्या डोळ्यांसमोर भुकेला नातू आहे. दोघींच्या काळजीचा विषय एकच मूल आहे, पण एक आजच्या जेवणाचा विचार करते आहे आणि दुसरी जानेवारीतल्या डब्याचा.

मी पंचवीस वर्षे बालवाडी चालवली, आणि दर जूनमध्ये एक दृश्य हमखास पाहिले. नवे आलेले मूल पोळीभाजीचा डबा समोर घेऊन बसते आणि तोंड उघडून वाट पाहते. भूक असते, डबा उघडा असतो, दोन्ही हात मोकळे असतात. घास आपला आपण तोंडापर्यंत न्यायचा असतो, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते. अशा वेळी शेजारचे मूल आपल्या डब्यातला तुकडा त्याच्यापुढे धरते. ते खाते. आणि चार-आठ दिवसांत हेच मूल आपल्या डब्यातला घास तिसऱ्या कोणापुढे धरताना दिसते. भरवण्याने मूल परावलंबी होते, हे मी पाहिले आहे. आणि भरवून घेतल्यामुळेच ते दुसऱ्याला भरवायला शिकते, हेही मी पाहिले आहे. म्हणून ‘भरवावे की भरवू नये’ या प्रश्नाला माझ्याकडे एका शब्दात उत्तर नाही.

स्वावलंबन ही परदेशातून आणलेली गोष्ट आहे, असेही मानू नका. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे त्या व अनुताई वाघ यांनी ते काम कोसबाडला नेले. मॉन्टेसरी बाईंची पद्धत त्यांनी घेतली, पण महागडी साधने टाकून शिंपले, बिया, पाने, खडे हाती घेतले. आपल्या हाताने करण्याचे तत्त्व त्यांनी सोडले नाही आणि आपला मुलूखही सोडला नाही. तुमच्या घरात आज नेमके हेच करायला हवे आहे.

तुम्ही सुनेशी एकदा निवांत बोला, मुलाला मध्यस्थ न करता. ‘तुझ्या नियमाला मी धक्का लावणार नाही, पण साडेसहा ते सात ही वेळ माझी’ असे मागून घ्या. त्या अर्ध्या तासात गोष्ट सांगा, पाठीवर हात फिरवा, तुमच्या आईच्या तोंडची ओवी म्हणा. शांतता आणि नियमितपणा हीच तिची सूत्रे आहेत, आणि रोज त्याच वेळी म्हटलेल्या ओवीइतके त्यांत बसणारे दुसरे काय असेल? जेवताना एक खेळ करा : हा घास चिऊचा, हा घास काऊचा, पण घास करायचा त्याने आणि भरवायचा तुम्हाला. भात सांडेल. सांडू द्या आणि नंतर दोघांनी मिळून पुसा. काय आणि केव्हा वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे आणि किती खायचे ते मुलाने, ही वाटणी मला स्वतःला फार पटते, कारण मोबाइल समोर धरून पोट भरल्यावरही चार घास कोंबण्याची जी सवय आपल्याकडे घरोघरी झाली आहे, तिने मुलांची भूक ओळखण्याची ताकदच जाते. पानात टाकू नये हा आपला संस्कार जपायचा असेल, तर पहिल्यांदा दोनच चमचे वाढा.

एक गोष्ट मात्र करू नका. सून खोलीत नसताना चोरून भरवू नका. साडेतीन वर्षांच्या मुलाला घास कोणाचा हे पुढे आठवणार नाही, पण आजी आणि आई एकमेकींपासून काही लपवतात हे त्याला लगेच कळते. आणि सुनेने हे उत्तर वाचले, तर तिला माझी एवढीच विनंती आहे की वर्षातून तीन महिने येणाऱ्या आजीचा रविवारचा एक घास तिने नियमाबाहेर ठेवावा. शाळेच्या तयारीला त्याने बाध येणार नाही.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात दुकान चालवतो. मुलगा ११ वर्षांचा, सहावीत आहे. घटक चाचणीचे गुण त्याने लपवले आणि माझी खोटी सही केली. पाहुणे घरात असतानाच मला ते कळले आणि मी त्याला सर्वांसमोर मारले. तेव्हापासून पत्नी माझ्याशी धड बोलत नाही. मुलगा माझ्या गाडीचा आवाज आला, की दप्तर उचलून मागच्या दाराने चुलत्यांकडे जातो. माझ्या वडिलांनी मला याहून जास्त मारले आणि त्यामुळेच मी घडलो, असे मी मानतो. हल्लीचे तज्ज्ञ सांगतात ते परदेशी घरांना लागू पडत असेल. आपल्याकडे धाक नसेल, तर मुले हाताबाहेर जातात. आपले मत कळवावे.

उत्तर : तज्ज्ञांविषयीची तुमची शंका अगदीच अनाठायी नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. संगोपनाच्या पद्धतींची जी वर्गवारी सर्वत्र सांगितली जाते, ती डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे बालवाडीच्या वयाची मुले आणि त्यांचे पालक पाहून मांडली. केवळ हुकूम चालवणारे पालक, सारे मोकळे सोडणारे पालक, आणि माया व शिस्त दोन्ही सांभाळून कारण समजावून सांगणारे पालक असे तीन प्रकार त्यांनी केले. १९८३ मध्ये एलेनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांच्या मांडणीत मुलांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचा चौथा प्रकार आला. ही चौकट सगळ्या समाजांना जशीच्या तशी बसत नाही, हे रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये दाखवले. चिनी पालक या मोजपट्टीवर हुकूमशहा ठरत, पण चिनी भाषेत ‘गुआन’ या एकाच शब्दात ताबा ठेवणेही येते आणि जिवापाड काळजी घेणेही येते. आपला ‘धाक’ हा शब्दही असाच आहे. ‘घरात वडिलांचा धाक होता’ असे सांगणाऱ्या माणसाच्या आवाजात पुष्कळदा अभिमान असतो, आणि तो खोटा नसतो.

म्हणूनच धाक आणि मार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तुम्हाला कळकळीने सांगते. ज्यांचा खरा धाक असतो त्यांना हात उचलावा लागत नाही. त्यांनी चष्मा काढून नुसते पाहिले, तरी पुरते, कारण त्या माणसाची मर्जी जाऊ नये असे मुलाला मनापासून वाटत असते. मार खाल्लेल्या मुलाला फक्त सापडू नये असे वाटते. तुमच्या मुलाने गुण लपवले आणि खोटी सही केली, ती मार नव्हता म्हणून नव्हे, तर माराची भीती आधीच होती म्हणून, असे मला वाटते. गाडीच्या आवाजाबरोबर मागच्या दाराने जाणारे मूल तुमच्या धाकात राहिलेले नाही, ते तुमच्यापासून सुटू पाहते आहे.

‘आपल्याकडे चालते’ या म्हणण्याचाही अभ्यास झाला आहे आणि त्यात भारत होता. जेनिफर लॅन्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांतील ३३६ माता व त्यांची मुले पाहिली. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथे मारणे सर्रास चालते, तेथे मार आणि मुलांतील आक्रमकपणा किंवा चिंता यांचा संबंध काहीसा सौम्य होता, कारण ‘हे सगळ्यांच्याच घरी होते’ असे मूल समजत असते. पण संबंध सौम्य झाला, तरी तो पुसला गेला नव्हता. शिवाय तुमच्या मुलाचे ‘सगळ्यांच्या घरी’ तुमच्या लहानपणचे राहिलेले नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ मध्ये शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. तुमच्या वडिलांच्या काळी गुरुजी, चुलते, शेजारी असे सगळेच हात उगारत आणि त्यात तुम्ही एकटे पडत नव्हता. आज वर्गात ज्याला कोणी हात लावत नाही, त्याला घरी पाहुण्यांसमोर मारले, तर तो मार त्याला एकट्याला मिळालेला असतो.

मार खाऊन तुम्ही घडलात, असे तुम्ही लिहिता. तुमच्या वडिलांनी तुम्हाला दुकान शिकवले असेल, चार पैसे मागे टाकायला शिकवले असेल, तुम्ही आजारी पडलात तेव्हा ते रात्रभर जागले असतील. तुमच्या घडण्याचे श्रेय त्या रात्रींना न देता छडीला देणे हा वडिलांवरही अन्याय आहे.

आता काय करायचे? मुलाची माफी मागा. पाहुण्यांसमोर मारले होते, तर निदान पत्नी आणि चुलते यांच्यासमोर मागा. “त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला मारलं, ते माझं चुकलं. तू खोटी सही केलीस हे मला आजही मान्य नाही, पण मारायला नको होतं,” इतकेच म्हणा, आणि त्यापुढे ‘पण तूसुद्धा’ असे काही जोडू नका. वडिलांनी माफी मागितली तर वचक जाईल, ही भीती मला अनेक पुरुषांनी बोलून दाखवली आहे. प्रत्यक्षात मी तसे घडताना पाहिलेले नाही. खोट्या सहीचा जाब मात्र जरूर द्यायला लावा : मुलाने स्वतः वर्गशिक्षकांकडे जाऊन खरे सांगावे, आणि त्या वेळी तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहावे. ज्या विषयात गुण गेले, त्यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी दुकान अर्धा तास आधी बंद करून त्याच्याजवळ बसा. अभ्यास तुम्हाला येत नसेल, तरी चालेल. दुकानाच्या हिशेबात अपूर्णांक आणि टक्केवारी भरपूर असते. राग अनावर होईल, तेव्हा घराबाहेर जाऊन एक चक्कर मारून या. आणि पत्नीला विचारा, की ती त्या दिवशी मध्ये का पडू शकली नाही. कदाचित तिलाही तुमची भीती वाटते, आणि तसे असेल, तर हा प्रश्न मुलापुरता राहत नाही.

प्रश्न : आम्ही बेंगळुरूत राहतो. मुलगी दोन वर्षे आठ महिन्यांची आहे. घरी आम्ही मराठी बोलतो, तिला सांभाळणाऱ्या बाई कन्नड बोलतात. ती सुटे शब्दच बोलते, वाक्य करत नाही. नर्सरीतील बाईंनी सांगितले की तीन भाषांमुळे मूल गोंधळले आहे, घरी फक्त इंग्रजी बोला. तसे करावे का?

उत्तर : करू नका. दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्याने मूल गोंधळत नाही आणि त्यामुळे त्याचे बोलणे लांबतही नाही, याविषयी या क्षेत्रात आता फारसा वाद उरलेला नाही. ‘पाणी’ आणि ‘नीरु’ हे दोन्ही शब्द तिला येत असतील, तर ते दोन शब्द धरा. सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात. रागावताना, अंघोळ घालताना, ताप आलेला असताना तुमच्या तोंडून जी भाषा आपसूक येते, तीच मुलीला भरभरून मिळू द्या. कष्टाने बोललेल्या इंग्रजीत वाक्ये कमी होतात, गाणी तर बंदच पडतात, आणि नाशिकच्या आजींसारख्या कोणाशी तिचे बोलणेही तुटते.

मात्र बहुभाषिक घर आहे म्हणून आपोआप बोलेल, असे म्हणत थांबूही नका. दोन वर्षांच्या सुमारास मुले ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडू लागतात. पावणेतीन वर्षांपर्यंत ते झालेले नसेल, तर आधी कानांची तपासणी करून घ्या, कारण वारंवार सर्दी होऊन कानात पाणी राहिले, तरी मुलांना कमी ऐकू येते आणि घरच्यांच्या ते लक्षात येत नाही. नंतर वाचा-भाषा तज्ज्ञांना दाखवा. अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था तुमच्यापासून फार लांब नाही, म्हैसूरलाच आहे. तपासणीला जाताना मुलीला येणारे सगळे शब्द, मराठी आणि कन्नड दोन्ही, वहीत लिहून न्या. सांभाळणाऱ्या बाईंनाही त्यासाठी विचारा, कारण दिवसभर तिच्याजवळ त्या असतात आणि तुम्ही न ऐकलेले शब्द त्यांनी ऐकलेले असतील.